चांगल्या छर्ऱ्यांचा डबा

लग्नात मिळालेले सोनेरी काठाचे सहा कप आमच्या शोकेसमध्ये बावीस वर्षं पाहुण्यांची वाट बघत होते. पाहुणे आले की चहा मात्र स्टीलच्या पेल्यात. कप काढायचे म्हणजे धुवा, पुसा, आणि एखादा फुटला तर? ही माझी खोड. तिनेच मला गेल्या वर्षी नेमबाजीत तोंडघशी पाडलं.

पिस्तूल खरं तर लेकीचं. कॉलेजसाठी ती होस्टेलला गेली आणि पेटी कपाटावर धूळ खात पडली. मी म्हटलं, मी बघते धरून. "अगं, तुला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही," हे हसत म्हणाले. झालं! माझं डोकंच फिरलं. त्याच शनिवारी चेणे गावाच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमधल्या क्लबात जाऊन नाव घातलं. दहा मीटरवरचं एअर पिस्तूल. पहिल्या महिन्यात खांदा असा धरला की पोळ्या लाटवेनात. पण क्लबातल्या त्या दोन तासांत मला कुणी हाक मारत नसे, कुणाचा टॉवेल शोधून द्यावा लागत नसे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळालेलं ते सुख मला सोडवेना.

शिकवणारे सर साठीचे, तोंडाने फटकळ. त्यांनी माझं पिस्तूल शिकंज्यात आवळलं आणि वेगवेगळ्या डब्यांतले पाच-पाच छर्रे झाडून बघितले. शिशाचे, डाळीएवढे छर्रे. मला तर सगळे एकाच आईची लेकरं वाटत होते. पण एका डब्यातले पाचही जवळजवळ एकाच भोकातून गेले. "ताई, हा तुमचा डबा. पिस्तुलाचं याच्याशी जमतंय."

तो डबा मी सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरी आणला आणि काय केलं? चांदीच्या निरांजनामागे जपून ठेवला. स्पर्धेला काढू! रोजच्या सरावाला क्लबातले साधे छर्रे.

स्पर्धेच्या दिवशी ऐटीत झाकण उघडलं. छर्रे डावीकडे जायला लागले. मी नेम जुळवायचा स्क्रू फिरवला, तर उजवीकडे. हाताला सवय एकाची, पिस्तुलात दुसराच. मग प्रत्येक चुकीला वाटायचं, छर्रा चुकला की मी? राज्य स्पर्धेची निवड पाच गुणांनी हुकली.

"वर्षभर कोरडी भाकरी खाल्लीत आणि पंगतीत वाटीभर तूप प्यायलात," सर म्हणाले. "पोट बिघडणारच."

रिक्षात घर येईपर्यंत रडले. घरी जाहीर करून टाकलं, अजून एक वर्ष. निवड झाली नाही तर पिस्तूल क्लबाला देऊन टाकणार. हे या वेळी हसले नाहीत. त्याच संध्याकाळी मी शोकेस उघडली आणि कप ओट्यावर मांडले. रोजचा चहा यातच, म्हटलं. आणि रोजचा सराव चांगल्या छर्ऱ्यांनीच, डबा संपला की तसाच दुसरा.

राहिला उजेड. ऑफिस सुटून क्लबात पोचायला सात वाजायचे, आणि तिथली ट्यूब म्हणजे नुसती आजारी. "सर, बदला ना ती."

"स्पर्धेत तुमच्यासाठी सूर्य आणून ठेवणारेत का?"

अंधुक उजेडात नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा काटा, आणि मागची खाच एकमेकींत मिसळून जातात, काळ्यात काळं. सरांनी खाच थोडी रुंद करायला शिकवलं, म्हणजे माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट दिसते. बघायचं फक्त माशीकडे. ती स्पष्ट दिसली नाही तर हात खाली. हे शेवटचं मला जड जायचं. एकदा हात उचलला की मारून मोकळं व्हायचं, हा माझा स्वभाव.

यंदाच्या निवडीला दहा छर्रे उरले होते आणि माझ्या डोक्यावरची ट्यूब फडफडून गेली. शेजारच्या दोघी ओरडल्या, त्यांना दुसरीकडे हलवलं. पंच माझ्याकडे आले. "मॅडम, लेन बदलनी है?"

"नहीं, चलेगा," मी म्हटलं आणि खाच रुंद केली. वर्षभर अशाच उजेडात उभी राहिले होते, आता कुठे जाऊ?

निवडीसाठी शेवटच्या छर्ऱ्याला नऊ गुण हवे होते. दोन मिनिटं शिल्लक. हात उचलला, माशी पुसट. खाली. पुन्हा उचलला, माशी खाचेतून सरकली. खाली. मागे कुणीतरी च्‌ च्‌ केलं. करा हो खुशाल! काळ्या भिंतीकडे बघून डोळे निववले. तिसऱ्यांदा माशी काळीभोर उभी राहिली, दोन्ही बाजूंना उजेड. घोडा दाबला.

नऊ.

सर जवळ आले. शाबासकी नाही, काही नाही. "डबा दाखवा." मी झाकण उघडलं. तळाला सात-आठ छर्रे उरले होते. त्यांनी मान हलवली आणि पाठीवर थाप मारली.

घरी लेक सुट्टीला आली होती. ह्यांनी चहा केला, सोनेरी काठाच्या कपांत. तिघांना तीन. माझ्या कपाला कान नव्हता.

लेक शोकेसकडे बघत म्हणाली, "आई, सहा होते ना गं? बाकीचे कुठे गेले?"

"वापरले," मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं.