मागच्या खोलीचा डाव

लिफ्टवाल्याच्या सासरी भांडायची पद्धत नव्हती. वाद निघाला की पत्ते निघायचे. टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा, खिडकीपाशी कुणी झोपायचं, सगळं पोकरवर ठरायचं. मांजराच्या नावाचा डाव आत्या जिंकली आणि तिने मांजराचं नाव 'अहो' ठेवलं. तेव्हापासून घरात कुणी 'अहो' म्हणून हाक मारली की जावई आणि मांजर एकदमच वळून बघत.

लिफ्टवाला या घराचा जावई. लग्नानंतर कामाच्या सोयीसाठी इथेच राहायला आला आणि राहिला. दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, भंगारात निघालेल्या लिफ्टची बटणं घरी आणायचा. पोकरमध्ये पैशाऐवजी तीच लावत. ज्या मजल्याचं बटण, तितकी त्याची किंमत. घंटीचं चित्र असलेलं लाल बटण प्रत्येकाला एकच मिळे. ते ठेवलं म्हणजे आपल्यापुढचं होतं नव्हतं ते सगळं लावलं. त्याला आजवर कुणी हात लावला नव्हता. सासरे मात्र कायम तळघराचं बटण पुढे सरकवून म्हणत, "हे उणे एक. म्हणजे मला उलट एक परत द्या."

"अण्णा, उचला ते," लिफ्टवाल्याची बायको म्हणायची. ती पत्ते वाटायची आणि पंचाचं काम करायची. तिला खेळायला बंदी होती, कारण ती खेळली की घरातल्या सगळ्या गोष्टी तिच्याच मनासारख्या होत.

थोरला मेहुणा बायकोला घेऊन परगावी गेला आणि मागची खोली रिकामी झाली. लिफ्टवाल्याला ती आपल्या वडिलांसाठी हवी होती. वडील दुसऱ्या गावात चौथ्या मजल्यावर एकटे राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते दूध-भाजी टोपलीतून दोरीने वर ओढून घेत. "मी मजेत आहे रे," ते फोनवर म्हणाले होते. "फक्त जमिनीवर उभं राहून बरेच दिवस झाले." गावभरच्या लोकांना वरखाली नेणाऱ्या मुलाने फोन ठेवून मागच्या खोलीत पलंग कुठे बसेल ते मोजलं होतं.

त्याने जेवताना खोलीचा विषय काढला.

"हो का? मी तिथे माझी व्यायामाची सायकल ठेवणार होते," आत्या म्हणाली. ही बायकोची आत्या, आणि त्या सायकलवर आजवर फक्त टॉवेल बसले होते.

"माझ्या छत्र्या," सासरे म्हणाले. ते मोडक्या छत्र्या जमवत, कधीतरी दुरुस्त करू म्हणून.

"दाजी, माझा ट्रम्पेट," धाकटा मेहुणा म्हणाला. त्याला ट्रम्पेट येत नव्हता, म्हणूनच खोली हवी होती.

"मग रविवारी बसू," सासऱ्यांनी ठरवलं. अंधार पडेपर्यंत ज्याच्यापुढे जास्त बटणं, खोली त्याची.

लिफ्टवाला तयारीला लागला. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, आरशासमोर चेहरा दगडासारखा ठेवायचा सराव केला. हातात काही नसताना जोरात लावायचं, समोरचा घाबरून पानं टाकतो, डाव सोडतो, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता.

रविवारी दुपारी पहिल्याच डावात त्याने हातात कचरा असताना बाराव्या मजल्याचं बटण पुढे केलं. चेहरा दगड.

"बारा?" आत्या म्हणाली. "बरं, घ्या बारा. बघू तरी काय आहे."

"मलाही बघायचंय," मेहुणा म्हणाला.

सासऱ्यांनीही बारा टाकले. पत्ते उघडले. आत्याकडे दोन तिऱ्या होत्या, तेवढ्यावर ती जिंकली. दगडाचा चेहरा पडला.

असं चारदा झालं. या घरात हूल चालत नव्हती, कारण कुणी घाबरतच नव्हतं. कुणी स्वतःहून वाढवत नसे, पानं टाकत नसे. पूर्वी सहा जण बसत तेव्हा तो चांगल्या पानांची वाट बघत आरामात बसायचा. दर डावाला दोघांनी आळीपाळीने पानं बघण्याआधीच काहीतरी लावायचं असा नियम होता, पण सहांमध्ये ती पाळी उशिरा यायची. आता चौघांत ती सारखी त्याच्यावरच येऊन पडत होती. वाट बघत बसलं तरी बटणं झिजत होती, हूल दिली तर भराभर जात होती.

तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. बायको मागोमाग आली.

"कसल्या विचारात आहेस?"

"ही माणसं लिफ्टसारखी आहेत. कुणीही बटण दाबा, येतातच."

"मग लिफ्टला कधी घाबरवतोस का तू?"

"नाही. वजन ठेवून बघतो, उचलते का."

"मग ठेव की वजन," ती म्हणाली आणि मांजराला ओट्यावरून हाकललं.

लिफ्टवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने हूल देणं सोडून दिलं. बऱ्यापैकी पानं आली तरी खेळायचं, बरं जमलं की लावायचं, काही नसेल तर गप्प बसायचं. सासरे, आत्या, मेहुणा तिघंही 'बघू तरी' म्हणत बटणं टाकत राहिले आणि ढीग त्याच्याकडे सरकू लागला.

मग त्याच्या हातात बदामचा एक्का आणि नश्शी आली. मध्ये, सगळ्यांच्या सामाईक पानांत, बदामचीच राणी, सत्ती, दुर्री पडली. पाच बदाम! त्याने लावलं, तिघं आले. पुढचं पान किल्वरचा राजा. पुन्हा लावलं, पुन्हा आले. शेवटचं पान इस्पिकची राणी. त्याने दहाचं बटण ठेवलं. सासऱ्यांनी दहा टाकले. मेहुण्यानेही टाकले.

आत्याने चष्मा पुसला आणि लाल बटण पुढे सरकवलं.

लग्नात, दवाखान्यात कधी आवाज न वाढवलेल्या आत्याने वाढवलं होतं.

"आत्या, चुकून लागलं का हाताला?" मेहुण्याने विचारलं.

"नाही रे. घंटीचं चित्र छान आहे ना?"

लिफ्टवाल्याच्या डोळ्यांपुढे वडिलांची टोपली डुलू लागली. पाच बदाम! पण जी लिफ्ट वर्षानुवर्षं निमूटपणे चालते, तिची घंटा वाजली तर शहाणा माणूस आत शिरत नाही. जड हाताने त्याने पानं पालथी टाकली.

"आम्हाला बघायचंय," सासरे आणि मेहुणा एका सुरात म्हणाले.

आत्याने दाखवलं. हातात दोन राण्या, मध्ये दोन. पाच बदाम हरलेच असते.

"तुम्ही टाकलीत?" मेहुण्याने डोळे विस्फारले. "या घरात? पानं?"

आता सगळ्यांत जास्त बटणं आत्याकडे होती. बाहेर उजेड कलत होता. "शेवटचा डाव," बायको म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे न बघता पत्ते वाटले.

त्याच्याकडे राजा आणि दश्शी. मध्येही राजा, दश्शी आणि चव्वी. दोन जोड्या, फार मोठं काही नव्हे. त्याने पंधरावा मजला ठेवला. आत्या आली. पुढे अठ्ठी पडली. त्याने विसावा ठेवला. आत्या तरीही आली, बाकीचे उरलंसुरलं टाकत आले. शेवटी दुर्री. त्याने स्वतःचं लाल बटण ठेवलं.

आत्याने पुन्हा चष्मा पुसला. "तू मघाशी टाकलीस तेव्हा मला झोप नाही लागणार असं वाटलं. काय होतं तुझ्याकडे?"

"आता आलात तर दोन्ही डावांतली पानं सांगतो."

"मग बघतेच," आत्या म्हणाली आणि समोरचा सगळा ढीग ढकलला. तिच्याकडे नश्शी आणि पंजी होती, म्हणजे काहीच नाही; बाकीच्यांकडेही काही नव्हतं. खोली लिफ्टवाल्याची झाली.

वडील पुढच्याच आठवड्यात आले. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून खाली उतरवलं होतं. लिफ्टवाल्याने अभिमानाने मागच्या खोलीचं दार उघडलं. पलंगाशेजारी आत्याची सायकल उभी होती. छताला छत्र्या लटकत होत्या. उशीवर ट्रम्पेट.

"अहो, तुम्ही सगळे हरलात ना?" त्याने विचारलं.

मांजर येऊन पायाशी बसलं.

"हरलो की," सासरे म्हणाले. "पण इतक्यात उचलायचं कशाला? राहू दे. बघू काय होतंय."

लिफ्टवाल्याने ट्रम्पेट उचलून उशी मोकळी केली. इथे हूल चालत नाही, हे तो शिकला होता. तोवर वाटेत डावाची हकीकत ऐकलेले वडील सायकलवर चढले होते. गुडघे जपत, छत्र्यांखालून सावकाश पेडल मारत ते विचारत होते, "आणि काय रे, ती टाकलेली पानं होती तरी कोणती?"