काळ्या पट्टीखालची मुलगी

“पारुंग, रबर मादिरी!” मोठे डॉक्टर म्हणाले. बघा, रबरासारखी. आणि माझ्या गालाची कातडी चिमटीत धरून त्यांनी ताणली. भोवतीचे विद्यार्थी हसले. मी अकरा वर्षांची, चेन्नईतल्या दवाखान्यात स्टुलावर बसलेली. मग एकेकानं येऊन माझा अंगठा मनगटाला टेकवून पाहिला. दुखत होतं. बाबा, रेल्वेच्या कारखान्यातले फिटर, कोपऱ्यात हात बांधून उभे.

“बाळा, जरा हास बघू. मोठे डॉक्टर आहेत,” बाबा म्हणाले.

मी हसले. फोटो निघाला. विचारलं कुणीच नाही. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

कोलॅजन नावाचं प्रथिन कातडी, सांधे, रक्तवाहिन्या धरून ठेवतं. ते कसं घडवायचं, याचा मजकूर जनुकात असतो. माझ्या मजकुरात एक अक्षर चुकलंय. आईकडून आलेलं. म्हणून खांदा निखळतो, साध्या खरचटण्याचाही पातळ, सुरकुतलेला व्रण राहतो. वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत खेळताना मुली माझा हात धरत नसत. हात निघून येईल म्हणत. मी जिन्यात बसून त्यांचा खेळ बघायची. रोज.

पुढे चेन्नईतल्याच शोळिंगनल्लूरच्या एका ऑफिसात परदेशी पुस्तकांची प्रुफं तपासायला लागले. काम काय, तर अक्षरांच्या चुका पकडायच्या. बघा नशीब! दोन हजार सात साली एका वैद्यकीय पुस्तकाचं पान पडद्यावर आलं. ताणलेला गाल. ओळख लपवायला डोळ्यांवर छापलेली काळी पट्टी. बाबांच्या जुन्या शर्टातून आईनं बेतलेला माझा शर्ट, तिसरं बटण वेगळं. खाली छापलेलं: ‘मुलगा, वय सात.’

ऑफिसच्या भरलेल्या हॉलमध्ये जिला सांगावं अशी एकही मैत्रीण नव्हती. सुपरवायझर बाईंना पान दाखवलं. ही मीच आहे, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

“स्पेलिंग मट्टुम पारुम्मा.” फक्त स्पेलिंग बघ.

जागेवर परत आले. लेखकाला शंका विचारण्यासाठी पानाच्या कडेला चौकट असते. तिथे लिहिलं: ‘मुलगा नाही, मुलगी. वय अकरा. परवानगी घेतलेली नाही.’ खाली माझं पूर्ण नाव टाइप केलं. टाइप करताना अंगठा सांध्यातून निसटला. तो बसवला आणि आडनाव पुरं केलं.

नोकरी गेली तर जाऊ दे. पेशींमधलं अक्षर मला दुरुस्त करता येणार नाही. हे पान मात्र परवानगीशिवाय माझ्या हातून पुढे जाणार नाही.

आणि परवानगी मी देणार नाही.