काचेवरची साय

नळीत काच ठेवताना हाशम श्वास रोखायचा. तोंडाला मास्क असायचा, तरीही. सक्शनच्या पेनाला चिकटलेली, नखाएवढी काच दिव्याखाली एकदा तिरकी करून बघायची, नळीच्या तोंडाशी न्यायची आणि सोडून द्यायची. नीट बसली तर आवाज येत नाही. ‘टक्’ झालं की समजायचं, कुठंतरी कड घासली, ती काच गेली. मग वर स्पेसर, मग दुसरी काच, आणि सगळ्यांत वर आट्यांची रिंग. रिंग जास्त आवळली तर काचेवर ताण येऊन चित्र एका अंगाला ओढलं जातं. कमी आवळली तर हायवेवरच्या ट्रकांच्या हादऱ्यानं ती सुटते. किती आवळायची हे मनगटालाच ठाऊक. मनगट थांबलं की हाशम श्वास घ्यायचा.

“हाशमभाय, एक दिवस काच बसेल आणि तू उठणार नाहीस,” विजयकुमार म्हणायचा. हा सोलापूरचा, प्रॉडक्शन मॅनेजर.

“मग गॅरंटी वाढवून टाक,” हाशम म्हणायचा. “आत एक माणूस घातलाय, म्हणावं.”

जेद्दाच्या दक्षिणेला, इंडस्ट्रियल एरियातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये हे चालायचं. काचा आणि नळ्या बाहेरच्या देशांतून ट्रेमधून यायच्या. इथं त्या हातानं जोडून रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स बनायच्या. हाशम इथं आला तो बलदमधल्या, म्हणजे जुन्या जेद्दातल्या, एका कॅमेरा रिपेअरच्या दुकानातून. श्रीवर्धनच्या बाजूचा पोरगा, मामाच्या ओळखीनं जेद्दाला उतरला आणि हाजींच्या कॅमेऱ्यांतली वाळू काढता काढता त्याचे केस पिकायला लागले. मग लोकांचे कॅमेरे फोनमध्ये गेले, दुकान बंद झालं, आणि हाशम पांढरा कोट घालून शेडमध्ये शेवटच्या बाकावर बसला. शेवटचं बाक म्हणजे नजरेचं. जोडलेली लेन्स यंत्रावर लावायची, पडद्यावर उजेडाचा ठिपका बघायचा, आणि ठिपक्याची शेपटी जाऊन तो गोल होईपर्यंत आतली काच केसभर सरकवायची.

बाकीची बाकं बदलत गेली. सरकारी यादीत कारखान्याचा रंग हिरवा राहायचा तर सौदी माणसं वाढवायला हवी होती. सुरेश गेला, जलाल गेला, फिलिपिनो मुलं गेली. जाणारा प्रत्येक जण एकच शब्द सांगून जायचा: सौदायझेशन. त्याच्यापुढे कुणी काही विचारत नसे.

हाशमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हिवाळ्यात संपत होता. त्याची मुलगी सानिया इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती आणि तिची बोर्डाची परीक्षा त्यानंतर होती.

“एवढी परीक्षा होऊ दे,” तो विजयकुमारला म्हणाला होता. “मग घाल मला विमानात. मी स्वतः बॅग भरतो.”

“शेवटचं बाक कुणाला जमत नाही तोवर तुला कोण हात लावतंय,” विजयकुमार म्हणाला होता.

आणि मग इमादला ते जमायला लागलं.

इमाद जेद्दाचाच. टेक्निकल कॉलेजातून आलेला, हसरा, हाताचा हलका. हाशमला तो ‘अम्म हाशम’ म्हणायचा, म्हणजे हाशमकाका. पहिल्या दिवशी त्याच्या पांढऱ्याशुभ्र थोबकडं, पायघोळ झग्याकडं बघून विजयकुमार अरबीत म्हणाला होता, “काय वास मारतोय, लग्नाला चाललास का?”

“आई बखूर केल्याशिवाय दाराबाहेर सोडत नाही,” इमाद म्हणाला. “निखाऱ्यावर ऊद टाकते, मला वर उभा करते. कोंबडी भाजतात तसा.”

हाशमला तो वास आलाच नाही. कोरोनात त्याचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं.

उन्हाळा संपता संपता लेन्स परत यायला लागल्या. गाड्यांचे नंबर दिसत नाहीत, रात्री दिव्यांभोवती पिसारा येतो, अशी तक्रार होती. बाहेरून काचा स्वच्छ होत्या. हाशमनं एक लेन्स उघडली, आतली काच पेनावर उचलून बाजूच्या उजेडात धरली. तापवून निवलेल्या दुधावर धरते तशी साय. पातळ, सगळीकडे सारखी.

विजयकुमार त्याच्या खांद्यावरून बघत होता. “ग्रीस?”

“ग्रीसचे थेंब दिसतात. हे तसं नाही.” हाशमनं काच फिरवली. “बलदला लग्नाच्या फोटोग्राफरांचे कॅमेरे यायचे. हॉलमध्ये रात्रभर बखूर. त्यांच्या काचांवर अश्शीच साय असायची. धुराचं तेल आहे हे. कपड्यांतून आत येतं, नळीत अडकतं. बाहेर उन्हात लेन्स तापली की सुटतं आणि काचेवर बसतं.”

“कपड्यांतून?”

“कोट आपण घरी धुतो ना आता.”

ते खरं होतं. आधी कोट लॉन्ड्रीत जायचे आणि सीलबंद पिशवीतून यायचे. परदेशी माणसांवरची सरकारी फी वाढली तेव्हा मुदीरनं, म्हणजे मोठ्या साहेबानं, लॉन्ड्रीचं कंत्राट बंद केलं. तेव्हापासून ज्यानं त्यानं आपला कोट घरी न्यायचा, धुऊन पिशवीत घालून आणायचा.

“मग कुणाचा कोट?” विजयकुमारनं विचारलं.

 हाशमनं इमादच्या बाकाकडं बघितलं. इमाद मान खाली घालून रिंग आवळत होता, आणि त्याचा हात हाशमच्या हातासारखाच योग्य जागी थांबला. ते बघून हाशम बोलला. “ज्याच्या घरी रोज बखूर होतो त्याचा. मी नाव कशाला घेऊ? परीक्षा कर. एकेक कोट पिशवीत घाल, सोबत एक कोरी काच ठेव, पिशवी बंद कर, आणि गोंद वाळवायच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर रात्रभर राहू दे. सकाळी काच सांगेल.”

इमादला मराठी येत नव्हती. पण ‘बखूर’ त्याला कळलं. त्यानं मान वर केली.

“अम्म हाशम, माझ्याबद्दल बोलताय?”

“सगळ्यांबद्दल,” हाशम अरबीत म्हणाला.

घरी, अझीझिया भागातल्या दोन खोल्यांत, त्याच्या बायकोनं, हलिमानं ताट वाढलं आणि समोर बसली. “आज तोंडावर उजेड हाय. काय झालं?”

“काय नाय. लेन्स खराब होतायत. कुणामुळं ते कळेल उद्या.”

“तुमच्यामुळं तर नाय?”

“माझ्यामुळं?” हाशम हसला. “माझ्यामुळं झाल्या असत्या तर बलदमध्येच झाल्या असत्या.”

“त्या पोरामुळं असेल. तुमच्या जागेवर डोळा ठेवून बसलाय तो.”

“अम्मी, ही इज जस्ट डुइंग हिज जॉब,” सानिया पुस्तकातून मान न काढता म्हणाली.

“तू अभ्यास कर. तुझ्यासाठीच चाललंय समदं.”

सकाळी ओव्हन उघडला तेव्हा सगळे भोवती जमले होते. विजयकुमारनं प्रत्येक पिशवीतली काच काढून काळ्या कापडावर मांडली, शेजारी ज्याचा त्याचा कोट ठेवला, आणि बाजूनं दिवा लावला. पहिली काच स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसऱ्या काचेवर कडेला थोडा पट्टा, कपडे धुण्याच्या पावडरचा. इमादची काच जशी ठेवली होती तशी होती.

“हे कसं?” हाशम म्हणाला. “तुझी आई...”

“आई आहे म्हणूनच,” इमाद म्हणाला. “तिच्या हाती लागला तर ती कोटालाही धूर देईल. मी तो घरी नेतच नाही. इथंच, वुदूच्या, नमाजाआधी हातपाय धुवायच्या नळाखाली धुतो.”

शेवटची काच पांढरी झाली होती. बोट फिरवलं असतं तर नाव लिहिता आलं असतं. शेजारचा कोट कुणाचा ते कॉलरवरच्या निळ्या दोऱ्याच्या टाक्यावरून सगळ्यांना कळलं. तो टाका हलिमानं घातला होता, कोट बदलू नये म्हणून.

 विजयकुमारनं कोट उचलून नाकाशी नेला आणि इमादकडे दिला. इमादनं वास घेतला.

“लुबान,” तो हळू म्हणाला. “आपला बखूर नाही. लुबान. अम्म हाशम, तुमच्या घरी कुणी...”

हाशमला गुरुवारची संध्याकाळ दिसली. मगरिबच्या नमाजनंतर हलिमा लोबानदानी पेटवायची, कोनाकोनांतून फिरवायची. ते तर तिच्या आईच्या घरीही होतं. पण गेल्या काही महिन्यांत कोट इस्त्री झाल्यावर ती तो आत घेऊन स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. एकदा त्यानं विचारलं होतं, काय करतेस आत? तुमच्या इकाम्यासाठी पढते, असं ती म्हणाली होती. नाक असतं तर त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि शेडमध्ये तरी कोण सांगणार होतं? जेद्दात माणसाच्या अंगाला सुवास येतो म्हणून कुणी तक्रार करत नाही.

“विजयकुमार,” तो म्हणाला. “कोट मी आजपासून इथंच धुतो. मिटलं.”

“कस्टमरला कारण कळवायचंय. मुदीरनं नाव मागितलंय.”

“लॉन्ड्री बंद केली हे कारण कळव,” इमाद मध्येच अरबीत म्हणाला. त्याला मराठी कळत नव्हती, पण ‘कस्टमर’, ‘मुदीर’ कळत होतं आणि चेहरे वाचता येत होते. “कोट घरी न्यायला कंपनीनंच सांगितलं. घरात माणसं असतात. धूर असणारच.”

“लॉन्ड्री मुदीरनं बंद केली,” विजयकुमार अरबीत म्हणाला. “मुदीरला मी लिहू, की चूक मुदीरची?” मग मराठीत, खालच्या आवाजात, “हाशमभाय, गप्प बसला असतास तर ग्रीस बदललं असतं, चार महिने गेले असते. तूच म्हणालास, काच सांगेल.”

“हो. मीच म्हणालो.”

विजयकुमारनं नाव कळवलं. इकामा वाढला नाही. कफीलच्या, म्हणजे मालकाच्या ऑफिसातून फायनल एक्झिटचं, कायमचं परत जायचं सांगितलं गेलं तेव्हा सानियाच्या परीक्षेला तीन महिने होते. शाळेनं कळवलं, राहायचं तर मुलीला कुणाकडं तरी ठेवा. ठेवायला कुणी नव्हतं, आणि बापाचा इकामा गेल्यावर मुलीचाही राहत नाही. सानियानं वर्ष सोडलं. दोन दिवसांनी ती आईला भांडी खोक्यांत भरायला मदत करू लागली.

“पण का?” हलिमा पुन्हा पुन्हा विचारायची. “तुमच्यासारखा हात नाय त्यांच्याकडं. का?”

“सौदायझेशन,” हाशम म्हणायचा. “खलास.”

पहिल्यांदा हे म्हणताना त्याची जीभ अडखळली होती. दुसऱ्यांदा अडखळली नाही.

निघायच्या आदल्या दुपारी दार वाजलं. इमाद उभा होता. एका हातात खजुराचा डबा, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली हाशमची स्वतःची हत्यारं, बलदच्या दुकानापासूनची. हाशमनं त्याला आत घेतलं. बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून तो एका बांधलेल्या खोक्यावर बसला. हलिमा डोक्यावर ओढणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

“हाच ना तो?”

“हाच.”

“विचारा त्याला, झोप लागते का.”

हाशम इमादकडं वळला. “ती विचारते, घरचे बरे आहेत का.”

“अल्हमदुलिल्लाह,” इमाद म्हणाला. पण तो हलिमाच्या तोंडाकडं बघत होता.

“त्याला सांगा, माझ्या पोरीचं वर्ष गेलं. सांगा, माझ्या नवऱ्यानं त्याला हात धरून शिकवलं आणि त्यानं तोच हात कापला.”

“ती म्हणते, दारात आलास, बरं वाटलं.”

“अब्बा,” सानिया म्हणाली. शाळेत ती अरबी शिकली होती. हाशमनं तिच्याकडं बघितलं, आणि ती गप्प झाली.

“अम्म हाशम,” इमाद हलिमाकडं बघत सावकाश म्हणाला. “खाला काय म्हणते ते मला कळतंय. इतके दिवस तुम्हा लोकांत काम केलं की शब्द लागत नाहीत. तिला सांगितलं नाहीत तुम्ही?”

“नाही.”

“कोटाचं?”

“तिनं तो धूर माझ्यासाठी दिला होता. रोज पढून.” हाशमच्या हातातलं फडकं सुटलं होतं, त्यानं ते पुन्हा गुंडाळलं. “तिला कळलं तर पोरीच्या तोंडाकडं ती परत बघायची नाही.”

सानियानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

“काय बोलतोय तो?” हलिमानं विचारलं. “माफी मागतोय?”

 रस्त्यावर पाण्याचा टँकर मागं येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली. इमाद उठला. हलिमासमोर उभा राहिला, उजवा हात छातीवर ठेवला आणि मान खाली घातली. मोडक्या हिंदीत म्हणाला, “खाला, माफ करना. मेरा गलती.”

“पाणीसुद्धा देणार नाय मी ह्याला,” हलिमा म्हणाली आणि आत निघून गेली.

हाशम त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ओव्हन उघडायच्या आदल्या दिवशी त्यानं कुणाच्या बाकाकडं बघितलं होतं, ते म्हणायचं होतं. इमाद एक पायरी उतरून थांबला.

“त्या दिवशी तुम्हाला वाटलं, माझाच कोट असेल,” तो म्हणाला.

“हो.”

“तसं व्हावं असंही वाटलं?”

“हो.”

इमादनं मान हलवली आणि उतरत गेला. हाशम दार लावून आत आला तेव्हा हलिमा खजुराचा डबा कचऱ्याच्या पिशवीत टाकत होती.

“बघितलंत?” ती म्हणाली. “शेवटी कबूल केलं की नाय? त्याचीच करणी होती.”

सानिया हाशमकडं बघत होती.

“हो,” हाशम म्हणाला. “त्याचीच.”