कॅनडाचं लाकूड, शारजाचे जहूरभाई

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं क्लिअरिंगचं ऑफिस एका गॅरेजच्या माडीवर आहे. जिना उतरला की डावीकडे टायरवाला, उजवीकडे लाकडाची वखार. मी सूर्यकांत, मूळचा डोंबिवलीचा. कस्टम्सच्या पोर्टलशी भांडून डोकं फिरलं की मी उजवीकडे वळायचो, कारण तिथे जहूरभाई असायचे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा हा माणूस तरुणपणी या वखारीत लागला आणि लाकडांबरोबर तिथेच सुकला. जुन्या मालकाने त्यांना ठेवलं होतं. आता त्याचा मुलगा हम्माद मालक. त्याला सगळे अरबाब म्हणतात, जहूरभाईही म्हणायचे, जरी त्याला चालायला शिकताना त्यांनी पाहिलं होतं.

जहूरभाई एकटे होते. हे मी सरळच सांगतो, कारण ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. त्यांची खोली म्हणजे एके काळी अख्खं गाव होतं. सहा बिछाने, सहाही जण खाडीच्या एकाच काठचे. मग कुणी कायमचा घरी गेला, कुणी कतारला गेला, कुणी कबरीत. त्यांच्या बिछान्यांवर परकी माणसं आली, सगळ्यांच्या ड्यूट्या वेगळ्या, त्यामुळे एकमेकांची फक्त घोरणी ओळखीची. सुट्टीच्या दिवशीही जहूरभाई वखारीत येऊन बसायचे. मी विचारलं, ‘‘आज बंद ना?’’ तर म्हणायचे, ‘‘लाकडं एकटी असतात.’’ मी म्हणायचो, लाकडांच्या नावावर स्वतःचं खपवू नका. ते हसायचे आणि सुलेमानी चहा मागवायचे.

त्यांना एकच मुलगा, उझैर. तो जन्मला तेव्हा जहूरभाई इथे, तो शाळेत गेला तेव्हा इथे, त्याचा दहावीचा निकालही त्यांनी फोनवरच ऐकला. वर्षातून एक महिना ते बाप असायचे. तोही अर्धा पाहुणचारात जायचा आणि उरलेल्या अर्ध्यात मुलगा लाजायचा. लाज मोडेपर्यंत तिकिटाची तारीख यायची. पुढे उझैर शिकायला कॅनडात गेला आणि तिथेच एका सॉ मिलमध्ये लागला. बाप लाकूड विकतो, मुलगा लाकूड कापतो, मधे अर्धी पृथ्वी. जहूरभाईंच्या मनात एकच गोष्ट होती. मरायच्या आधी थोडे दिवस तरी या पोराबरोबर एका छपराखाली राहायचं. दोन घास एका ताटात खायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि लगेच पाइनच्या भावावर घसरले.

गेल्या वर्षी अमेरिकेने कॅनडाच्या लाकडावरचा कर चढवत नेला. हे भांडण फार जुनं आहे, आमच्या सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणासारखं. कुणी काढलं हे विसरलं तरी चालतं, भांडण चालू राहिलं पाहिजे. अमेरिका म्हणते, तुमचं सरकार झाडं स्वस्तात तोडू देतं. कॅनडा म्हणतो, तुम्हाला आमचं बघवत नाही. आधी पस्तीस टक्के, त्यावर आणखी दहा. तिकडच्या गिऱ्हाइकाला माल असा महागल्यावर काही कॅनडावाले नवी दारं ठोठावू लागले. हम्मादने त्यातलं एक दार उघडलं आणि आमच्या शेजारी पांढऱ्या, कोऱ्या फळ्यांचे गठ्ठे येऊन पडले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. हम्माद खूश होता. जहूरभाई तर वेडेच झाले होते. प्रत्येक गठ्ठ्यावर मिलचा शिक्का असतो, तो वाचत ते उन्हात फिरायचे.

एकदा उझैरच्याच मिलचा गठ्ठा सापडला. त्यांनी तो मागे भिंतीशी लावून घेतला, पुढ्यात आपली प्लास्टिकची खुर्ची टाकली, आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की ‘‘सोल्ड, सोल्ड’’ म्हणू लागले. मी म्हटलं, जहूरभाई, हा मालकाचा माल आहे, तुमच्या होणाऱ्या सुनेचं आंदण नाही. म्हणाले, ‘‘भाऊ, पोराचा हात लागला असंल याला.’’ त्या मिलमध्ये दोनेकशे माणसं असतील, हे मी बोललो नाही. आठवड्याने हम्मादनेच तो गठ्ठा शटरिंगवाल्याला विकला.

पुढे कराच्या ओझ्याने ती मिलच बंद पडली. उझैरचा कामाचा परवाना त्याच नोकरीला बांधलेला, म्हणजे तिथला मुक्कामही संपत आलेला. आणि हे महाशय सकाळी माझ्या टेबलावर खजुराचा डबा घेऊन हजर. मी चिडलो. पोराची नोकरी गेली आणि तुम्ही खजूर वाटताय? त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, मला कळतंय हे वाईट आहे, मी रात्री अल्लाची माफीही मागितली, पण आनंद काही जात नाही. मग मीही दोन खजूर खाल्ले, काय करणार.

त्याच दिवशी ते हम्मादकडे गेले. माझा मुलगा कॅनडाच्या लाकडातला आहे, इंग्लिश बोलतो, तिकडच्या लोकांना ओळखतो, त्याला इथे घ्या, म्हणाले. हम्मादने फोनवर मुलाखत घेतली आणि म्हणाला, यल्ला, बोलवा. महिन्याभरात व्हिसा झाला. तेवढ्यात जहूरभाईंनी बिछाना सोडून वेगळी खोली घेतली. दुसरा पलंग आणला आणि मला दाखवायला घेऊन गेले. ‘‘चारशे दिरहम, म्हणजे आपले साडेनऊ हजार झाले. पण गादी बघा.’’ मी गादीवर बसून पाहिलं, चांगली होती.

उझैर आला. उंच, अबोल, सभ्य मुलगा. जहूरभाईंनी पहिल्या दिवशी नारळाच्या दुधातलं मटण केलं. मुलाने दोन घास खाऊन हळूच सांगितलं की आता तो मटण खात नाही. दुसऱ्या दिवसापासून बापाने अंड्यांवर काम भागवलं. संध्याकाळी दोघं समोरासमोर पलंगांवर बसायचे, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही, असं जहूरभाईंनीच मला सांगितलं. पण ते सांगताना ते इतके सुखात होते की मी म्हटलं, लागेल सवय, घाई काय आहे. ते म्हणाले, ‘‘तेच ना भाऊ, आता घाई कसली?’’

त्यानंतर एका सकाळी हम्मादने त्यांना आत बोलावलं. खुर्ची दिली, अरबी कॉफीचा गहवा दिला, त्यांचा हात हातात घेतला आणि आपल्या हिंदीत म्हणाला, ‘‘चाचा, अब खलास. आपने बहुत किया. अब लडका है, आप घर जाके आराम करो.’’ हिशेब पूर्ण देणार होता, वर स्वतःकडून काही देणार होता. वखारीत जागा एकच, ती आता उझैरची. जहूरभाईंचा नोकरीचा व्हिसा महिनाअखेर संपत होता, तो नव्याने काढायचा नाही.

यात हम्मादचं काय चुकलं? इथे रीतच ती आहे. म्हातारा झाला की बाप मुलाला आणतो, मालकाच्या पायावर घालतो आणि स्वतः गावी जातो. मुलासाठी शब्द टाकायचा म्हणजे आपली रजा मागायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हम्मादने तेच धरलं. गावी त्यांच्या बायकोने, हव्वाबीभाभींनी, तेच धरलं आणि माडीवरची खोली सारवायला घेतली. उझैरनेही तेच धरलं होतं. एका जहूरभाईंच्या डोक्यात ते आलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मला संताप आला. म्हटलं, मी जातो हम्मादकडे, सांगतो तुम्हाला जायचं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. काय सांगणार, म्हणाले. जागा एक आहे. मी राहतो म्हटलं तर पोरगा जाणार, आणि त्याला आता कॅनडाही नाही. मी म्हटलं, निदान उझैरला तरी सांगा. पुढचे दिवस ते मुलाला वखार समजावत होते. कोणता ठेकेदार उधारी बुडवतो, कोणता फोर्कलिफ्ट उजवीकडे ओढतो. मुलगा मान डोलवायचा आणि मधेच म्हणायचा, अब्बा, तुम्ही दमला असाल, बसा.

मीच त्यांना शारजा एअरपोर्टवर सोडलं. दुपारची फ्लाइट होती. सामान गेलं, पास मिळाला, आणि आम्ही तिघं उगाच उभे राहिलो. उझैरने बापाचा खांदा दाबला. ‘‘अब्बा, आता टेन्शन नको. घरी आराम करा. मी आहे ना इथे.’’

जहूरभाई त्याच्याकडे बघत राहिले. ‘‘तू आहेस म्हणून तर राहायचं होतं रे,’’ ते म्हणाले.

उझैरला आधी समजलंच नाही. मग समजलं. ‘‘यू शुड हॅव टोल्ड मी,’’ तो म्हणाला, आणि मग मराठीत, ‘‘मला वाटलं तुम्ही कंटाळलात. दर फोनवर म्हणायचात, आता बस्स.’’

‘‘कंटाळलोच होतो. एकट्याने.’’

मुलगा म्हणाला, मी लगेच व्हिजिट व्हिसा काढतो, तुम्ही या, महिनाभर राहा. जहूरभाई म्हणाले, इन्शाल्ला. त्यांनी त्याची कॉलर सारखी केली, माझ्याशी हात मिळवला आणि आत गेले. आत गेल्यावर एकदा वळले. पण मधे एक मोठं कुटुंब ट्रॉल्या घेऊन आलं आणि ते दिसेनासे झाले.

उझैर माझ्याबरोबर गाडीत बसला. पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा तो रस्त्याकडे बघत बोलला.

‘‘अंकल, लहानपणी दर वर्षी मी अम्मीबरोबर मुंबईला जायचो, अब्बांना सोडायला. ती रडायची. मला रडू यायचं नाही, मला ते कुणी पाहुणे चाललेत असं वाटायचं.’’ त्याने चष्मा काढला. ‘‘आज पहिल्यांदा माझे अब्बा गेले.’’

सिग्नल सुटला होता आणि मागचे हॉर्न देत होते. मला गाडी पुढे न्यायचं सुचत नव्हतं.