मोहर्लीच्या खोलीतलं यंत्र

त्या गुन्ह्याचा विषय निघाला की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. खून-दरोड्यांचे तपास केले, त्यातले कितीतरी विसरलो. चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेतून गेलेलं ते यंत्र मात्र विसरता येत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच भागात राहतात.

यंत्राचं नाव ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर. टेबलावर ठेवायचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं. इंटरनेटच्या काचेच्या तारांना जे सुटे भाग जोडतात, त्यांतून कोणत्या लहरीचा प्रकाश किती जातो, हे ते पडद्यावर रेघ काढून दाखवतं. गडचिरोलीच्या खेड्यांत जाणारे भाग इथूनच तपासून जायचे. रविवारची सुट्टी संपवून लोक कामावर आले, तर टेबल रिकामं!

प्रयोगशाळेच्या चालकांनी फिर्याद दिली, गुन्हा दाखल झाला, पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कुलूप शाबूत होतं. दाराच्या किल्ल्या दोघांकडेच. एक जुना, ज्येष्ठ तंत्रज्ञ. दुसरी त्याच्या हाताखाली शिकून तयार झालेली मुलगी. यंत्राची जबाबदारी मात्र नुकतीच त्या मुलीकडे दिली होती.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "त्या पोरीच्या घरी पाहा. मशीन तिनंच लंपास केली." एवढंच, आणि फोन बंद.

मुलगी सावलीजवळच्या खेड्यातली, धान पिकवणाऱ्या बौद्ध घरातली. खबर आली की ती तपासावीच लागते. आम्ही झडती घेतली. जीप दारात थांबली आणि अर्धं गाव अंगणाभोवती जमलं. धानाची पोती हलवली, पेट्या उघडल्या, काही मिळालं नाही. तिचे वडील दाराशी उभे राहून सगळं बघत होते. इकडे चालकांनी तिला कामावरून थांबवलं. चोर सापडला नसता तर पोरीची नोकरी तर गेलीच होती, गावात मान वर करून चालणंही गेलं होतं.

मला खटकत होती ती टेबलावरची तार. यंत्राला लावलेली काचेची तार चोराने काढून ठेवली होती. दोन्ही टोकांवर प्लास्टिकच्या इवल्या टोप्या घातलेल्या, तार मोठ्या वेटोळ्यात अलगद गुंडाळलेली. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "साहेब, चंद्रपुरात कोळशाची धूळ किती! टोक उघडं राह्यलं का धूळ बसते, अन् मोजणी चुकते. यंत्राच्या तोंडालेही टोपी लागते. आमचा हात आपोआपच जाते."

अहो, घाईतला चोर तार हिसकून पळतो, टोप्या कशाला घालत बसतो? म्हणजे माणूस आतलाच.

मी दोघांना वेगवेगळं बसवलं आणि एकच थाप मारली. "यंत्र सापडलं. मुलचेऱ्याकडे एका शेतात फेकलेलं होतं. तोंड उघडं, आत माती."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण सापडलं ना, साहेब? मग दुरुस्तीले पाठवू."

तंत्रज्ञ मात्र खुर्चीतून उठलाच. "उघडं? कसं उघडं राहीन? मी सोता टोपी लावली!"

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. तंत्रज्ञाच्याही लक्षात आलं. तो परत खुर्चीत बसला.

मग त्याने मन मोकळं केलं. "साहेब, ते खोकं मी उघडलं होतं. पडद्यावरची पहिली रेघ माह्या हातानं निघाली. या पोरीले तार पुसाले मीच शिकवलं. अन् ट्रेनिंगले पाठवाचं झालं त तिले पाठवलं. आता मशीन चालू कराची त मले तिले विचारा लागे. ती हासत हासत 'घ्या ना भाऊ' म्हणे, अन् माहा जीव जळे. तिचा हात मशीनवर पाह्यला का जेवण जात नोहोतं." फोनही त्यानेच केला होता.

त्याची कीव यावी असं काही वाटलं नाही मला. मत्सर मी जवळून पाहिलाय. आमच्या खात्यात दुसऱ्याला पदक मिळालं की पेढा घशाखाली उतरत नाही, माझाही उतरलेला नाही. पण म्हणून कुणाच्या पोरीच्या दारात जीप पाठवायची? हद्द झाली!

मोहर्लीला त्याच्या मेव्हण्याच्या पर्यटकांसाठीच्या खोल्या होत्या. एका बंद खोलीत, पंचांसमक्ष, त्याने यंत्र काढून दिलं. पलंगावर, दोन चादरींत गुंडाळलेलं, शेजारी ओल शोषणाऱ्या पुड्या. तोंडावर टोपी होतीच.

मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने परत गेला, मुलीला कामावर बोलावणं आलं. चालक तिला समजावत होते, "जाऊ द्या बाई, जुना माणूस आहे. आपसात मिटवू. मशीनला ओरखडासुद्धा नाही."

ती म्हणाली, "मशीनले लय जपलं भाऊंनी. मले एवढं शिकवलं, मंग मले काऊन नाई जपलं?" प्रकरण कोर्टात गेलं.

मी तिच्या गावी गेलो, वडिलांना म्हणालो, "तुमची मुलगी निर्दोष आहे." त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, "तुमी आले तवा सारं गाव होतं, साहेब. आज धानाच्या रोवण्यावर गेले सारे. आयकाले कोणीच नाई."

चोर कसा पकडायचा हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, निर्दोषाचं नाव परत कसं करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. ते या माणसाने शिकवलं. सावलीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी पुन्हा गेलो, गणवेशात. तिच्या गावचे लोक भाजी घेत होते. त्यांच्यामध्ये उभा राहिलो आणि बापलेकीचं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ही मुलगी निर्दोष आहे.