पाठीमागून धरलेला फ्रॉक

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. त्या मुलीला मी मागून धरलं होतं.

सातआठ वर्षं झाली. मेंदूच्या आजारामुळे ज्यांच्या हालचाली अडतात, अशा मुलांवर आमचं कोथरूडमधल्या एका केंद्रात संशोधन चाललं होतं. मी फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या आयांनी घरच्या घरी करून घ्यायचे काही व्यायाम मी बसवले होते. त्यानं मुलांचं बसणं, रांगणं, उभं राहणं सुधारतं का, हे बघायचं होतं. आधी एक चाचणी, काही महिन्यांनी तीच परत. चाचणीत मुलाला हात लावायचा नाही. गाणं म्हणा, खुळखुळा वाजवा, बाहुली नाचवा, पण हात लांब. पडायला लागलं तर जरूर सावरा, मग मात्र ‘जमलं नाही’ असं लिहायचं. आणखी एक. ज्यानं व्यायाम बसवले, त्यानं चाचणी घ्यायची नसते. त्या दिवशी आमची चाचणी घेणारी बाई तापानं घरी होती. मी म्हटलं, मी घेतो.

मुलगी सहा वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झालेली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. जिभेला मात्र कसलीच अडचण नव्हती. “चल, उभी राहा बघू,” म्हटलं की म्हणायची, “तुमीच ऱ्हावा की. तुमाला येतंय ना?” आई तिला वाघोलीहून बस बदलून आणायची. चालवायची ती फ्रॉकची पाठ मुठीत धरून. “आमचे फ्रॉक मागनं फाटत्यात सर,” हसत सांगायची. “बाकीच्यांचे खालनं.”

दुसऱ्या चाचणीला वडीलही आले होते, हार्डवेअरचं दुकान बंद ठेवून. मी आईला म्हटलं, “ताई, सोडा आता. तिकडे लांब बसा.” समोर आमचा कॅमेरा होता, त्याच्या शेजारी वडिलांचा मोबाईल. मी मुलीच्या मागे गुडघ्यांवर बसलो, सावरायला म्हणून. ती डुलायला लागली. पाठ अशी ताठते तेव्हा पुढे काय होणार, ते मला इतक्या वर्षांच्या सवयीनं कळतं. मी फ्रॉकची पाठ मुठीत धरली. अगदी तिच्या आईसारखी.

“सोडू नका हां,” ती हळूच म्हणाली.

मी सोडला नाही. उभं राहायचे ठरलेले आकडे मनात मोजून संपले तसं तिला अलगद खाली बसवलं आणि पूर्ण गुण दिले. आई तोंडाला पदर लावून रडत होती. वडील म्हणाले, “सर, तुमी देव हाय.”

मला दया आली, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. व्यायाम माझे होते, हे उरलेलं अर्धं.

आमचं चित्रण पुढे एका परिषदेत मोठ्या पडद्यावर दाखवलं. त्यात मुलगी कॅमेऱ्याकडे बघतच नाही, मान जराशी मागे वळलेली आहे. टाळ्या पडल्या. ती मागे काय बघतेय, असं कुणी विचारलं नाही.

चाचणीनंतर महिना दोन महिन्यांत आई तिला घेऊन आली. मुलगी कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. दिराचा साखरपुडा होता, घर पाहुण्यांनी भरलेलं. वडील ज्याला त्याला मोबाईल दाखवत होते. कुणीतरी म्हणालं, “व्हिडिओत काय, आजकाल कायबी दाखवत्यात.” वडिलांना ते झोंबलं. बायकोला म्हणाले, “सोड तिला. बघू दे ह्यांना.”

“न्हाई ऱ्हायची हो.”

“सरांपाशी ऱ्हाती, तुझ्यापाशी का न्हाई? तुलाच हौस हाय तिला धरून ठेवायची. सोड म्हणतो ना!”

तिनं सोडलं. खाली नवी फरशी होती. मांडीचं हाड मोडलं.

हे सगळं सांगून झाल्यावर आई म्हणाली, “माझंच चुकलं सर. मी भीत भीत सोडलं. लेकराला कळतं ना, आईच्या हाताला धीर न्हाई ते.”

तेवढ्यात मुलगी बोलली. “सरांनी धरलं हुतं. मागनं. फ्रॉक.”

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. “गप! सरांवर आळ घेतीस व्हय?” मग माझ्याकडे वळून, “लेकरू हाय सर, मनावर घेऊ नका.”

मी म्हटलं, “असू दे, असू दे.”

मी त्या मुलीला माफ केलं! फ्रॉक धरला त्या दिवशी विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणता तरी येईल. “असू दे” म्हणताना वेळ भरपूर होता. मुलगी तोंडावरच्या हाताच्या वरून माझ्याकडे बघत होती, तिनं काही मान वळवली नाही.

प्लास्टर निघालं तोवर पाय आखडले होते. पूर्वी खाटेला धरून उभी राहायची, तेही गेलं. पुढे त्यांनी येणं सोडलं. मी कधी फोन केला नाही, आणि माझ्या निष्कर्षांतून तिचा तो निकाल काढला नाही.

गेल्या महिन्यात वाघोलीला अशा मुलांचं शिबिर होतं. मी तपासायला गेलो होतो. मंडपाच्या कडेला तीच आई एका तरुण बाईला समजावत होती. “भिऊन सोडायचं न्हाई गं पोरीला. मी भ्याले, आन् माझी बसली ती बसलीच. हिचे वडील अजून बोलून दाखवत्यात.” शेजारी चाकाच्या खुर्चीत मुलगी. मोठी झालीय, केस कापलेत.

“सर, ओळखलं का?” मुलीनं विचारलं.

“हो, ओळखलं ना.”

ती आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली. मी पुढच्या मुलाच्या गुडघ्याकडे वळलो.

तुमची मुलगी त्या दिवशी उभी राहिली नव्हती, मी धरलं होतं, तुमचा हात चुकला नाही. हे मी त्या आईला सांगायला हवं, मुलीच्या समोर आणि तिच्या वडिलांना ऐकू जाईल असं. अजून सांगितलेलं नाही.