अकोल्यात लाईन गेली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. प्रज्ञाला नाही, राहुलला नाही, बाबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण आमचं ते पत्रक तुमच्या हाती कधीतरी पडलं असेल. नसेल पडलं तरी हरकत नाही. त्यात काय होतं ते सांगतोच. काय नव्हतं, तेही.

मी बेस गिटार वाजवतो. अमरावतीत आमचा चार जणांचा बँड आहे, नाव कापूसकोंडा. कुणी नोकरी करून, कुणी शिकवण्या घेऊन वाजवतं. राहुलच्या काकांच्या पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे, तिथे आमचा सराव चालतो. खाली गिरणी सुरू असली की माझा बेस ऐकूच येत नाही. तसा तो एरवीही कुणाला ऐकू येत नाही. आईनं पहिल्यांदा गिटार पाहिली तेव्हा विचारलं होतं, "याले चारच तारा काहून? बाकीच्या दोन दुकानदारानं ठेवून घेतल्या का?" राहुल ड्रम वाजवतो. तो म्हणतो, बेसवाला म्हणजे लग्नातला नवरदेवाचा काका. असला तर कोणी पाहत नाही, नसला तर सगळे विचारतात.

पण आमचं एक गाणं असं होतं की ते बेसपासूनच सुरू व्हायचं. एकट्या बेसपासून. बाकी सगळे थांबलेले, मी एकच तुकडा चारदा वाजवायचा आणि मग आमच्या गायिकेनं, प्रज्ञानं, पहिली ओळ उचलायची. बेस वाजला नाही, तर गाणंच नाही.

हे लक्षात ठेवा. पुढे सगळं यावरच आहे.

ते गाणं माझं होतं. शब्द माझे, चालही बरीचशी माझी. आमच्या भागातल्या संस्थाचालकांवर होतं, म्हणजे शाळा-कॉलेजं काढून बसलेल्या आणि मास्तराची जागा लिलावात काढणाऱ्या साहेबांवर. मला वाटायचं, याहून धारदार मी काही लिहिलेलं नाही. अजूनही वाटतं — आणि तेच जास्त टोचतं.

मी पत्रकांवर वाढलो. हे शोभेसाठी म्हणत नाही. बाबा चळवळीतले. आमच्याकडे गोष्टीची पुस्तकं यायच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आले. मी अक्षरं त्यांवरून शिकलो. शाई वाळलेली नसायची, बोटं काळी व्हायची. बाबांचा एक नियम होता. म्हणायचे, "पत्रकात खोटं लिहायचं नाही. आपल्याजवळ दुसरं आहे काय?" मी तो नियम मित्रांना ऐकवायचो, सभेत ऐकवायचो. कुणी जरा मवाळ बोललं की मी त्याच्यावर तुटून पडायचो. तुम्ही मला ओळखत असता, तर तुम्हीही माझ्यापासून थोडे जपून राहिला असता.

अकोल्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हा प्रज्ञानंच शंका काढली होती. तिची आई एका संस्थेच्या शाळेत शिपाई आहे. ती म्हणाली, "ते गाणं अकोल्यात नको. तिथे कोण येऊन बसन, काही नेम नाही." मी काय म्हणालो असेन? समोर कुणीही बसो, हे गाणं होणारच. भ्यायचं असेल तर लग्नात वाजवा. असंच काहीतरी. ती म्हणाली, "ठीक आहे. तू सुरू कर, मी उचलीन." आईची नोकरी तिनं त्या एका वाक्यात पणाला लावली. मी काहीच लावलं नव्हतं — असं तेव्हा मला वाटत होतं.

कार्यक्रम एका मैदानावर होता, दिवस मावळायच्या सुमारास. साऊंड विलासदादांचा होता. विलासदादा अकोल्याचेच, आमच्याच समाजातले, पन्नाशीच्या आसपासचे. तिकडच्या वस्त्यांमध्ये जयंतीचा साऊंड म्हणजे विलासदादा, असं समीकरण होतं. मिक्सरवर ते जुना टॉवेल अंथरून ठेवायचे, धूळ बसू नये म्हणून. आम्ही आवाज तपासत होतो तेव्हा ते मला म्हणाले, "भाऊ, तुहा बेस मी जरा वर ठेवतो. लोकायच्या छातीत वाजला पाह्यजे." मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

तीन गाणी झाली. चौथं ते होतं.

तिसरं संपता संपता पुढच्या रांगेत हालचाल झाली. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, आणि एका मोठ्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष येऊन बसले. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्याबद्दल मला पुष्कळ म्हणायचं आहे, पण या गोष्टीत त्यांनी काहीच केलेलं नाही. ते आले आणि बसले, एवढंच.

आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याच कॉलेजात माझी मुलाखत होती. तासिका तत्त्वावरची जागा. कायमची नाही, पगार सुट्टीत बंद, तरीही जागा. बँडमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. का सांगितलं नव्हतं? ज्यांच्यावर गाणं लिहिलं त्यांच्याच दारात अर्ज टाकलाय, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. तिनंही त्यांना पाहिलं होतं. ती घाबरली होती, हे मला तिच्या ताठरलेल्या मानेवरून कळलं. तरी तिनं मान हलवली. सुरू कर.

बेस गिटारवर उजव्या हाताच्या खाली आवाजाचा नॉब असतो. करंगळी सहज पोचते तिथं. वाजवताना हात तिथे गेला तर कुणालाही वाटतं, सूर नीट करतोय.

मी करंगळीनं तो नॉब शून्यावर आणला.

आणि मग वाजवायला लागलो. बोटं बरोबर चालली होती. तुकडा बरोबर होता. आवाज नव्हता. मी दचकल्यासारखं केलं. तारांवर थापा मारल्या, वायर हलवली, स्पीकरच्या पेटीकडे पाहिलं. राहुल मागून म्हणाला, "काहून बे, काय झालं?" मी म्हणालो, "लाईन गेली." म्हणजे वीज नाही, गिटारपासून मिक्सरपर्यंतची वायर. विलासदादा मिक्सर सोडून धावत आले. वायर बदलली. दुसरा जॅक लावला. गुडघ्यावर बसून ते माझ्या पायापाशी शोधत होते — काय शोधत होते? जे माझ्या करंगळीखाली होतं, ते. गिटारला त्यांनी हात लावला नाही. कलाकाराच्या वाद्याला न विचारता हात लावायचा नाही, ही त्यांची रीत होती. त्या रीतीवर मी सुटलो.

निवेदकानं वेळ भरून काढायला अध्यक्षांना बोलावलं. ते तरुणाईवर बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या आवाजात मी नॉब पुन्हा वर केला. त्यानंतर एकच गाणं वाजवायला मिळालं; लाईनचा भरवसा नाही म्हणत मी ते साधं, प्रेमाचं घ्यायला लावलं. बेस खणखणीत वाजला.

इथवर भ्याडपणा होता. इथे थांबलो असतो तर कदाचित हे लिहावंही लागलं नसतं.

परतीच्या गाडीत प्रज्ञा म्हणाली, "साहेब आले का लाईन गेली. साहेब बोलले का लाईन आली. असं होते का कधी?" ती मला विचारत होती. मी खिडकीबाहेर पाहत होतो. बडनेऱ्याच्या अलीकडे कुठेतरी असू. मी म्हणालो, "आपोआप तर नाही होत." बस. एवढंच म्हणालो. बाकीचं त्या तिघांनी आपापलं पूर्ण केलं. राहुल म्हणाला, "म्हंजे दादानं काटली?" मी उत्तर दिलं नाही. गप्प राहण्यालाही धार असते, आणि धार लावायचं शिक्षण माझं घरीच झालं होतं.

पत्रक मीच लिहिलं. बँडच्या नावानं. आमचा आवाज बंद केला गेला, असं. त्यात एक ओळ होती, ती पुढे लोकांच्या तोंडी बसली: 'मालकांना आपला आवाज बंद करायला बाहेरून माणूस आणावा लागत नाही, आपल्यातलाच एक हात मिक्सरवर असतो.' चांगली ओळ आहे. लिहिताना मला तिचा अभिमानही वाटला, हे लपवून काय करू?

आता ते पत्रक पुन्हा वाचा. अध्यक्षांचं नाव त्यात कुठेच नाही. संस्थेचं नाही. 'मालक' — एवढंच, हवेतलं. मुलाखत व्हायची होती ना. सगळी आग मी खाली सोडली, एका माणसावर. त्याचंही नाव लिहिलं नव्हतं. पण अकोल्यात त्या दिवशी मिक्सरवर कोणाचा हात होता, हे कुणाला माहीत नव्हतं?

बाबांनी ती पत्रकं घडी घालून स्वतः वाटली. इर्विन चौकात उभं राहून. मी शेजारी होतो.

नोकरी मिळाली. होय. अजून तिथेच शिकवतो. सोडली असं लिहिता आलं असतं, तर हा मजकूर देखणा झाला असता.

त्यानंतरच्या जयंतीला विलासदादांना त्यांच्या स्वतःच्या वस्तीनंही साऊंड सांगितला नाही. त्यांच्या मुलीच्या सासरी कुणीतरी विचारलं, तुझा बाप किती घेऊन बसला? हे मला कसं कळलं? एका सभेत एक कार्यकर्ता कौतुकानं सांगत होता. पत्रकाचा परिणाम म्हणून. माझ्या पाठीवर थाप मारून. मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

आणि मग एका रविवारी दुपारी ते गिरणीवरच्या खोलीत आले. एकटे. हातात पिशवी. प्रज्ञानं बसा म्हटलं नाही. ते दारातच उभे राहिले आणि माझ्याशी बोलले, बाकी कुणाशी नाही.

"अनिकेतभाऊ, मी त्या दिवसाचा लय विचार केला. माह्याच जॅकमंधी लूज असन. तपासायले पाह्यजे होतं मले, नाही तपासलं. पन मुद्दाम नव्हतं केलं बाप्पा. आपल्याच पोरायचं गाणं, मी कायले काटीन?"

प्रज्ञा म्हणाली, "आता सांगून काय फायदा, दादा?"

तिला दोष देऊ नका. तिला जे माहीत होतं, ते मी दिलेलं होतं.

त्यांनी पिशवीतून वायर काढली. काळी, नवी, दोन्ही टोकांना पितळी जॅक. "हे मी सोता कथलाचा डाग देऊन बनवली. हे नाही जाणार. लावून पाह्य ना एकडाव."

मी लावली. तोच तुकडा वाजवला, त्या गाण्याचा. नॉब पूर्ण वर होता. खाली गिरणी बंद होती, त्यामुळे आवाज त्या खोलीत मावेना. विलासदादांनी डोळे मिटून ऐकलं. मग हसले. "पाह्य. आला ना आवाज."

तेव्हा सांगायचं होतं. चार शब्द होते फक्त. तोंड उघडलंही मी. आणि म्हणालो, "चहा घ्या, दादा." ते म्हणाले, नको, बस निघन. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं.

साऊंड त्यांनी विकला. आता पंख्यांचं आणि मोटारींचं जळालेलं वायंडिंग भरून देतात, असं ऐकलं. ऐकलंच फक्त. गेलो नाही कधी. अमरावतीहून अकोला काय लांब आहे?

त्या वायरवरच मी अजून वाजवतो. खरंच गेली नाही ती कधी.

आता आमच्या बँडची स्मरणिका निघते आहे. प्रज्ञानं मला काम दिलं: 'आपला आवाज बंद केला त्या संध्याकाळची गोष्ट तू लिही, तुझ्याइतकी कुणाला लिहिता येणार नाही.' ती बरोबर म्हणाली. माझ्याइतकी कुणाला लिहिता येणारच नाही. त्या लेखाच्या जागी हे देतो आहे. उद्या ती वाचेल. छापायचं की नाही ते ती ठरवेल. तिनं नाही छापलं, तर मी पत्रक काढीन, आधीचं जितकं आणि जिथे वाटलं होतं, तितकं आणि तिथे. घडी घालायला बाबांना बसवणार नाही. ते वाचून आपणहून घडी घालायला बसले, तर बसोत.

अकोल्यात त्या संध्याकाळी लाईन गेली नव्हती. जॅक लूज नव्हता. विलासदादांनी आवाज वर ठेवला होता, लोकांच्या छातीत वाजावा म्हणून. तो मी बंद केला.

मागच्या पत्रकाखाली बँडचं नाव होतं, कुणा माणसाचं नव्हतं. या मजकुराखाली आहे.

— अनिकेत